पालखीच्या आड आलेलं पोट

मागच्या शिमग्यात देवीची पालखी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आली आणि ती नाचवता नाचवता माझा श्वास संपला. पाय संपले असते तर मी स्वतःला समजावलं असतं, पन्नाशी जवळ आली आहे. पण पाय ठीक होते, खांदाही ठीक होता. मधे पोट होतं. पालखी डावीकडे झुकली की मी डावीकडे जायचो, पोट जरा उशिराने यायचं, आणि ते येऊन पोहोचेपर्यंत पालखी उजवीकडे निघालेली असायची. ढोलवाल्यांनी हात जलद केला तशी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेजारच्या घरातला माझा चुलतभाऊ पुढे झाला, माझ्या खांद्यावरची दांडी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि मी ओट्याच्या पायरीवर बसून लोहाराच्या भात्यासारखा फुसफुसत राहिलो. सदऱ्याचं पोटावरचं बटण कधी तुटलं तेही कळलं नाही. ते दुसऱ्या दिवशी खळ्यात सापडलं.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्या रत्नागिरीकडे शिमग्याला देवी देवळात बसून राहत नाही. ती पालखीतून घरोघर येते. जिच्यासाठी वर्षभर आपण देवळात जातो, ती त्या दिवशी आपल्या दारात येते. ज्याच्या खळ्यात पालखी आली त्या घरच्या माणसाने पुढची दांडी खांद्यावर घ्यायची, मागची भावकीतल्या कुणीतरी, आणि ढोलाच्या तालावर तिला नाचवायची. मग घरच्या बाईने ओटी भरायची, देवीपुढे मागणं मांडत गाऱ्हाणं घालायचं, आणि पालखी पुढच्या घरी. एवढ्यासाठी मुंबईला कामाला असलेली माणसं रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून येतात. मी तर मुंबईलासुद्धा नाही. रत्नागिरी शहरात एका कचेरीत खुर्चीवर बसतो, गाव तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, हातखंब्याच्या अंगाला. म्हणजे मला सबबही नव्हती.

आमच्या खळ्यात वर्षानुवर्षं आबांनी पालखी नाचवली. माझे वडील सडपातळ, काटक, आणि पालखी खांद्यावर आली की वेगळेच कुणीतरी व्हायचे. एरवी घरात मोजकं बोलणारा हा माणूस तेव्हा हसायचा. लहानपणी मला ते हसणं बघायला शिमगा हवा असायचा, पुरणपोळीसाठी नव्हे. (पुरणपोळीसाठीही हवा असायचा. खोटं कशाला बोला.) पुढे त्यांचे गुडघे गेले, मग छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी जड काही उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि दांडी माझ्या खांद्यावर आली. तिथे ती तीन शिमगे टिकली.

मी पायरीवर बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आबा म्हणाले, "पुढल्या वर्षापास्नं तुझ्या चुलतभावालाच सांगू या. घरचाच हाय तो. तुझं बसून काम, तुला नाय व्हायचं."

रागाने म्हणाले असते तर मी भांडलो असतो. ते समजुतीने म्हणाले, आणि तेच जिव्हारी लागलं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मीच नाचवणार."

आबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं. "बघू," म्हणाले.

परत येताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. हातखंब्याच्या तिठ्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "ते 'बघू' म्हणाले म्हणजे नाही म्हणाले, कळलं ना तुम्हाला?" तिला आमच्या घरात येऊन वीस वर्षं झाली आहेत. आबांचं बोलणं माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं.

त्याच आठवड्यात मी जिममध्ये नाव घातलं. आमच्या रत्नागिरीत सपाट काही नाही, एक तर चढ नाही तर उतार. जिम एका चढाच्या टोकाला, आणि तिथेही दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी वर पोहोचलो तेव्हा आजचा व्यायाम झाला असं समजून बाकावर बसलो. शिकवणारा तरुण शहरातल्याच राजिवड्याचा, काही वर्षं कतारला एका मोठ्या हॉटेलच्या जिममध्ये काढून परत आलेला. त्याच्या दंडाचा घेर माझ्या मांडीएवढा होता आणि स्वतःबद्दल त्याचं मत चांगलं होतं. आरशासमोरून जाताना तो दर वेळी थोडा थांबायचा.

"सर, टार्गेट काय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, पालखी. त्याला हसू येईल असं वाटलं होतं, पण तो गंभीर झाला. "म्हंजे खांदा, पाय आणि दम," तो म्हणाला. "आणि पोट गेलंच पाहिजे. तिकडे मी एका शेखचं कमी केलंय, तुमचं काय!" मग त्याने फर्मान काढलं. रोज जलद चालणं, एक दिवस आड वजनं, आणि तांदूळ बंद.

चालणं आणि वजनं मी ऐकून घेतली. तांदूळ म्हटल्यावर मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे जेवलास का विचारताना लोक भात खाल्लास का असं विचारतात. भाताशिवाय बाकी जे ताटात असतं ते भाताबरोबर खायला असतं. पण मला आबांचं ते 'बघू' आठवलं, आणि मी घरी येऊन जाहीर केलं, की आजपासून माझ्या ताटात भात वाढायचा नाही.

माझ्या निग्रहाचं मलाच कौतुक वाटायला लागलं. घरातले सगळे आमटी-भात कालवून भुरके मारायचे आणि मी शांतपणे त्यांच्याकडे बघत बसायचो. माशाचं सार वाटीने प्यायचो. कचेरीत डबा उघडला की चारचौघांना दाखवायचो, बघा, भात नाही. एकदा तर मी एका सहकाऱ्याला भात किती वाईट यावर जेवणाची अख्खी सुट्टी संपेपर्यंत ऐकवलं. तो बिचारा तेव्हा भातच खात होता.

बरेच दिवस असे गेले आणि वजनकाट्यावर उभा राहिलो, तर वजन वाढलेलं. शिकवणाऱ्याने काटा हलवून बघितला, स्वतः उभा राहून बघितला. मग मला समोर बसवून पोलिसी चौकशी सुरू केली.

"सकाळी काय खाता?"

"घावणे. कधी आंबोळ्या. तेल अगदी नावाला."

"दुपारी?"

"मासा आणि भाकरी."

"भाकरी कशाची?"

"कशाची म्हणजे? तांदळाची."

त्याने खुर्ची पुढे ओढली. "सर, घावणे कशाचे?" आणि तेव्हा, देवाशपथ सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी भात सोडला होता. तांदूळ आम्हा कोकणातल्या माणसांना सोडायचा म्हटलं तर तो कुठे कुठे आहे हे आधी शोधून काढावं लागतं. घावणे तांदळाचे, आंबोळी तांदळाची, भाकरी तांदळाची, सकाळची पेज तांदळाची. बांगडा तळायचा तर त्याला लावायला तांदळाचं पीठ. माझ्या मनात तांदूळ म्हणजे पांढरा, मोकळा, ताटात वाफाळणारा, बाकी सगळं वेगळं. आणि भात नाही म्हणून पोट भरत नाही, या सबबीवर भाकऱ्या मी दुप्पट खात होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिचाही चेहरा पडला. रोज पहाटे उठून ती मला पथ्याचं म्हणून घावणे घालत होती. मग आम्ही दोघं हसलो, आणि त्या रात्री शेवटचं म्हणून घावणे-रस खाल्ला. आंब्याचे दिवस होते. आंब्याबद्दल मी शिकवणाऱ्याला काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही. तोही इथलाच होता.

नंतर ज्वारी आली, नाचणी आली, उकडलेली अंडी आली. ज्वारीची भाकरी थापणं बायकोला जमेना, त्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या व्हायच्या, मी खाताना सिंधुदुर्गापासून सुरुवात करायचो. मुगाची उसळ इतकी खाल्ली की मोड मलाच येतील अशी भीती वाटायला लागली.

चालण्याची तऱ्हा निराळी. संध्याकाळी मी मांडवीच्या किनाऱ्यावर जायचो. शिकवणाऱ्याचं म्हणणं, बोलता येणार नाही इतक्या जोरात चालायचं. मांडवीला बोलता येणार नाही असं चालणं म्हणजे उद्धटपणा. कठड्यावर अर्धं शहर बसलेलं, आणि त्यातल्या अर्ध्यांशी माझी ओळख. "काय, चालायला?" "व्हय, चालायला." एवढ्यावर माणूस सुटत नाही. त्याच्या मुलीचं लग्न, माझ्या कचेरीतली त्याची अडकलेली फाईल, मग भेळ. परत येताना मी जाण्याआधीपेक्षा जड असायचो. शेवटी मी मांडवी सोडली आणि वस्तीतून वर चढणारी एक जुनी पायऱ्यांची घाटी धरली. तिथे कुणी बसत नाही, कारण बसायला तिथवर चढावं लागतं. पहिल्यांदा मी मध्यावर थांबून भिंतीला टेकलो, तेव्हा वरून टोपली घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबली आणि पाणी हवं का विचारलं. तिच्या डोक्यावर टोपली होती, माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. मी फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं.

वजनांचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने खांद्यावर लोखंडी दांडी ठेवून उठाबशा काढायला सांगितलं. मी दांडी घेतली आणि उजव्या खांद्यावर उभी धरली.

"सर, दोन्ही खांद्यांवर. मानेच्या मागे, आडवी."

"पण पालखी एकाच खांद्यावर असते."

"इथे पालखी नाही ना, सर!"

मला ते पटायचं नाही. त्याची पाठ वळली की मी दांडी एका खांद्यावर घेऊन हळूच दोन पावलं नाचून घ्यायचो. एकदा आरशात त्याने ते पाहिलं. सगळी जिम थांबली. कानात गाण्याची बोंडं घालून धावपट्टीवर पळणारी कॉलेजातली मुलगीही थांबली. तो शांतपणे म्हणाला, "सर, ढोल लावू का?" त्या दिवसापासून मी जिममध्ये 'पालखीवाले काका' झालो. बायकोला हे सांगण्याची गरज नव्हती, तिला दुसऱ्याच दिवशी मासळी बाजारात कळलं.

गणपतीत घसरलो. उकडीच्या मोदकात तांदूळ असतो हे आता मला माहीत होतं, आणि अज्ञानात खाण्याचं सुख गेलं होतं, त्यामुळे मी ते ज्ञानात खाल्ले. पण थंडी पडेपर्यंत काहीतरी व्हायला लागलं. पोट गेलं नाही. हे मी स्पष्ट सांगतो, कारण अशा गोष्टींच्या शेवटी माणसं आपला जुना फोटो दाखवतात. माझं पोट आहे. पण पट्ट्याला आत नवीन भोक पाडावं लागलं, आणि ती घाटी मी एका दमात चढायला लागलो. आमच्या गावात मी बारीक झालोय हे लक्षात आलं तशी चर्चा सुरू झाली. कुणी मला विचारलं नाही. बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "शुगर निघाली काय गो त्यांना?" आबांनीही तिलाच विचारलं. ती म्हणाली, "नाही आबा, पालखीसाठी चाललंय." यावर आबा काय म्हणाले ते मी तिला विचारलं. "आत निघून गेले."

शिमग्याच्या तोंडावर शिकवणाऱ्याचे रोजे सुरू झाले. मी नेमका त्याच दिवसांत त्याच्यासमोर भुकेची तक्रार करायचो. सकाळी दोन अंडी खाल्ली तरी अकराला पोटात कावळे ओरडतात, वगैरे. तो दिवसभराचा उपाशी, पाण्याचा थेंब नाही, आणि मला म्हणायचा, "सर, मन दुसरीकडे लावा." मी सणाला गावी निघण्याआधी त्याने मला शेवटचं बजावून ठेवलं. पाठ ताठ, पोट आत, खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा. मी ते पाठ केलं.

गावी पोहोचलो तर कळलं, आबांनी चुलतभावाला आधीच सांगून ठेवलंय. त्याने नवा पांढरा सदराही शिवून घेतला होता. तो मनाने चांगला आहे, मला पाहून ओशाळला. "आबा म्हनले म्हनून..." एवढंच बोलला. मी आबांशी बोलायला गेलो, तर ते ओट्यावर खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. मी काय बोलणार होतो ते विसरलो. वर्षभर उसळी खाल्ल्या, घाटी चढलो, जिमभर हसं करून घेतलं, ते सगळं या एका माणसाने मला होकार द्यावा म्हणून, आणि त्याने माझी वाटच पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

दुपारी ढोल जवळ आले. शेजारच्या खळ्यातून पालखी आमच्या खळ्यात शिरली. चुलतभाऊ पुढची दांडी घ्यायला सरसावला, आणि मी त्याच्या आड आलो.

"मी घेतो," मी म्हटलं.

त्याने आबांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ढोल वाजायचे थांबले नव्हते, पण हळू झाले. आबा खुर्चीतून म्हणाले, "घेऊ दे त्याला. तू मागं जा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर एक ध्यानात ठेव, तू पडलास तर देवी पडंल."

मी दांडी खांद्यावर घेतली. पाठ ताठ. पोट आत. खाली जाताना श्वास घेतला, वर येताना सोडला. दम अगदी नीट होता, खांद्याला वजन जाणवतही नव्हतं. मनात म्हटलं, बघा आता. आणि बघतो तर पालखी नाचतच नव्हती. ती माझ्याबरोबर उठत होती आणि बसत होती. बायकांमधून कुणीतरी खुदकन हसलं. मागून चुलतभाऊ म्हणाला, "अरे, पालखी नाचवतंस का बैठका मारतंस?"

"सोड तिला!" ओट्यावरून आबा ओरडले. त्यांचा एवढा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आवळून काय धरलंस? ती जाईल तिकडं जा!"

मी वर्षभर आत ओढून धरलेलं पोट सोडून दिलं. पाठ सोडली, गुडघे सोडले. पालखी एकदम डावीकडे गेली, मी तिच्याबरोबर गेलो, आणि या वेळी माझं पोटसुद्धा वेळेवर आलं. ढोल चढले. पायाखालचं सारवलेलं खळं उखडत होतं, तोंडात गुलाल जात होता, आणि मला दम होता. मागच्या वर्षी जिथे मी बसलो ती पायरी दोनदा माझ्या बाजूने गेली, आणि मला अजून दम होता.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "आबा, नको! आबा!"

आबा ओटा उतरून आले होते. अनवाणी, टोपी नीट करत. कुणी अडवायच्या आत ते माझ्या पुढे आले, माझ्याकडे पाठ केली आणि त्याच दांडीखाली खांदा घातला. डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं मला आठवलं. एक खांदा वाढला म्हणजे दांडी हलकी व्हायला हवी. ती जड झाली. मग माझ्या लक्षात आलं, आबांनी दांडी उचलली नव्हती. दोन्ही हातांनी तिला धरून ते उभे होते, आणि गुडघ्यांना जे पेलत नव्हतं ते सगळं त्यांनी तिच्यावर टाकलं होतं. त्यांची पावलं वीतभरच पुढेमागे पडत होती, पण तालात पडत होती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. समोर खळ्याभोवती उभे असलेले लोक त्यांच्याकडे बघून हसायला लागले होते, चांगलं हसणं, त्यावरून मला कळलं की आबा हसतायत. मला रडू आलं. हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसंच गुलालातून ओघळत गेलं.

पालखी पुन्हा डावीकडे निघाली. आबा तिला लटकत गेले आणि मी दोघांना घेऊन गेलो. खांदा भरून आला, मांड्या थरथरायला लागल्या.

मागून चुलतभाऊ ओरडला, "जड झाली काय रं? घेऊ का कुनाला पुढं?"

"नको," मी म्हटलं.